बोटीवरील केबिन : मानाची कीं सुखाची?

समुद्रपर्यटन करावें कीं करूं नये, हा एके काळीं आपल्या समाजांत शास्त्रार्थाचा विषय होता. सन १८८३ च्या एप्रिलच्या ७ तारखेस आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. त्यांचें वय अवघें अठरा होतें, पति बरोबर नव्हते, आणि वाद झाला तो ‘बाईनें जावें कां’ एवढ्यावरच. आज तो वाद मिटला आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशीं आहे, अशीं घरें आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत आणि आईबाप विमानानें त्यांच्याकडे जाऊन येतात. मात्र एखाद्या घरीं बोटीनें महासागर ओलांडण्याची हौस निघाली, कीं जुन्या शास्त्रार्थाच्या जागीं एक अगदीं संसारी प्रश्न उभा राहतो : बोटीवर खोली, म्हणजे केबिन, कोणती घ्यावी?

एका सद्गृहस्थांनीं हाच प्रश्न आम्हांस लिहून विचारला आहे. त्यांच्या धाकट्या भगिनी न्यू जर्सी प्रांतांत राहतात व पुढल्या उन्हाळ्यांत त्यांच्या मुलाची मुंज आहे. घरांतून सहा माणसें जावयाचीं : तीर्थरूप, वय अठ्ठ्याहत्तर, मातोश्री, त्यांच्याहून सहा वर्षांनीं लहान, हे स्वतः, त्यांच्या सौभाग्यवती आणि अकरा व आठ वर्षांचीं दोन मुलें. लंडनपर्यंत विमानानें जाऊन तेथून पुढें अटलांटिक महासागर बोटीनें ओलांडावा, ही तीर्थरूपांची फार दिवसांची इच्छा आहे. प्रवासकंपनीनें अशी योजना सुचविली आहे कीं, वृद्ध दांपत्यास सर्वांत वरच्या वर्गाची प्रशस्त खोली द्यावी; ती उंचावर व जहाजाच्या मागच्या टोंकाजवळ आहे. बाकीच्या चौघांनीं पांच मजले खालीं बिनखिडकीच्या दोन खोल्यांत राहावें. “वडिलांना याहून कमी कांहीं देणें मनास पटत नाहीं,” असें ते लिहितात. त्यांची भावना आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु खोली मात्र आम्हांस मान्य नाहीं. तें कां, हें सविस्तर सांगतों, कारण ही अडचण एकट्या त्यांची नव्हे.

प्रथम जहाजाची ओळख करून घेऊं. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून विलायतेस सुटणाऱ्या उतारू बोटी विमानांचा जमाना आल्यावर बंद पडल्या. अटलांटिकवरहि पूर्वींच्या डझनावारी बोटींपैकीं आज नियमानें ये-जा करणारें मोठें जहाज एकच उरलें आहे. तें म्हणजे क्यूनार्ड कंपनीचें ‘क्वीन मेरी टू’. हें फ्रान्समधील सेंट नाझेर येथें बांधलें गेलें व २००४ च्या जानेवारींत त्याची पहिली सफर झाली. लांबी ३४५ मीटर, उतारू सुमारें अडीच हजारांवर. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन बंदरांतून निघून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील धक्क्यास लागावयास त्याला बहुधा सात रात्री लागतात. मौजेच्या सफरीस निघालेलें जहाज दर एक-दोन दिवसांनीं किनाऱ्यास लागतें. येथें तसें नाहीं. एकदां किनारा मागें पडला, कीं मध्यें उतरणें नाहीं, खोली बदलण्याची खात्री नाहीं. म्हणून निवड घरीं बसूनच नीट करावयास हवी.

आतां जहाज हलतें कसें, तें पाहूं. त्याच्या मुख्य हालचाली दोन. एका हालचालींत पुढचें टोंक वर उचललें जातें तेव्हां मागचें खालीं जातें आणि मग उलट होतें. दुसरींत जहाज डावी-उजवी कूस बदलतें. पहिली हालचाल समजावयास वाण्याच्या तराजूची दांडी डोळ्यांपुढें आणावी. मधल्या कांट्यापाशीं दांडी जवळजवळ स्थिर असते. पारडीं मात्र खालींवर होतात. हिशेब करून पाहिला, तर जहाज अवघें एक अंश कललें असतां मध्यापासून १५० मीटर दूर असलेली खोली अडीच मीटरांहून अधिक, म्हणजे आठ फुटांवर, उचलली जाते. तीच खोली मध्यापासून २० मीटरांवर असेल, तर ३५ सेंटिमीटर, म्हणजे हातभरहि नाहीं. दुसऱ्या हालचालीसाठीं माडाचें झाड आठवावें. वाऱ्यानें शेंडा झुलतो, बुंधा हलत नाहीं. पाण्यापासून तीस मीटर उंच असलेली खोली दोन अंशांच्या कलानें सुमारें एक मीटर बाजूला जाते. आठ मीटर उंचीवरची खोली त्याच्या पावपटीहून थोडी अधिक. क्वीन मेरी टूच्या पोटाशीं पाण्याखालीं पंखांसारखे चार पोलादी पडदे आहेत, ते हें कूस बदलणें पुष्कळ कमी करतात. परंतु पुढेंमागें डोलणें त्यांना आवरत नाहीं. सारांश, जितकें मध्याजवळ व जितकें खालीं, तितकें सुख अधिक. खोलीचें भाडें कितीहि असो, हा नियम बदलत नाहीं.

कोकणच्या बोटीनें ज्यांनीं प्रवास केला आहे त्यांना ‘बोट लागणें’ म्हणजे काय, हें सांगावयास नको. कानाच्या आंत तोल सांभाळणारें एक सूक्ष्म इंद्रिय असतें. त्यावरील संशोधनासाठीं व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हें इंद्रिय सांगतें, ‘आपण हलत आहों’. डोळे चार भिंतींकडे पाहून सांगतात, ‘आपण स्थिर आहों’. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं, म्हणून जीव कासावीस होतो. यांत दुबळेपणाची लाज मानण्याचें कारण नाहीं. इंग्लंडचा आरमारी वीर नेल्सन यालाहि बोट लागे, आणि चार्ल्स डार्विन १८३१ पासून १८३६ पर्यंत ‘बीगल’ जहाजावर होता, त्या काळांत त्यानेंहि हा त्रास सोसला.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, बोट म्हाताऱ्यांना अधिक लागते. वस्तुस्थिति बहुधा उलट आहे. सर्वांत अधिक त्रास होतो तो साधारण सहा-सात ते बारा वर्षांच्या मुलांना. वय वाढतें तसतसा तो उतरत जातो. मग वृद्धांना मधली खोली कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें : मूल ओकतें, झोपतें व दुसऱ्या दिवशीं खेळावयास पळतें, पण वृद्ध माणूस रात्रीं मोरीकडे जावयास उठतें, त्याच क्षणीं खोली एका अंगास झुकते, आणि हातास आधार न मिळाला तर खुब्याचें हाड मोडतें. किनारा तीन-चार दिवसांवर असतांना ही गोष्ट किती भयंकर, हें सांगणें नलगे. दुसरें असें कीं, बोट लागूं नये म्हणून जीं औषधें घेतात त्यांनीं सुस्ती येते, तोल जातो, घशास कोरड पडते; ज्या वृद्ध पुरुषांना लघवीचा विकार आहे त्यांची लघवी अडण्याचीहि भीति असते. तेव्हां घरच्या डॉक्टरांस विचारल्यावांचून तीं वृद्धांना देऊं नयेत. आल्याचा तुकडा किंवा सुंठ-साखर सोबत असावी, तिनें कित्येकांना बरें वाटतें. पण वृद्धांचें खरें औषध म्हणजे खोलीची जागा.

येथें मानाचा प्रश्न उभा राहतो. सर्वांत महाग तें सर्वांत उत्तम, आणि उत्तम तें वडिलांना, हा आपला कुळाचार. बोटीवर सर्वांत महाग खोल्या बहुतेक वरच्या मजल्यांवर असतात, कारण तेथून दृश्य मोठें व वर्दळ थोडी. यामुळें आदर म्हणून आपण ज्यांना वर पाठवितों, त्यांनाच हेलकावे अधिक देतों. पण आपल्या जुन्या वाड्यांत काय रीत होती, तें आठवावें. माडी हवेशीर खरी, तरी आजोबांची खाट माडीवर कधीं घातली जात नसे. ती खालीं, ओटीच्या किंवा माजघराच्या अंगास असे. जिना चढावा लागूं नये, मोरी जवळ असावी आणि हांकेच्या अंतरावर कोणी तरी असावें, एवढें पाहिलें जाई. माडीवर निजत तीं तरुण माणसें. त्यांत वडिलांचा अवमान झाला, असें कोणास वाटलें नाहीं. बोटीवरहि हीच रीत चालवावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

या प्रश्नास दुसरीहि एक बाजू आहे, आणि एकत्र कुटुंबास ती अधिक जिव्हाळ्याची आहे. क्वीन मेरी टूवर खोलीच्या वर्गाप्रमाणें भोजनगृह ठरतें. सर्वांत वरच्या दोन वर्गांसाठीं ‘क्वीन्स ग्रिल’ व ‘प्रिन्सेस ग्रिल’ अशीं दोन स्वतंत्र भोजनगृहें आहेत. बहुसंख्य उतारू जेवतात तें ‘ब्रिटानिया’ नांवाचें मोठें दालन. ब्रिटानिया वर्गाच्या उतारूंस वरच्या भोजनगृहांत जागा नसते. म्हणजे प्रवासकंपनीच्या योजनेप्रमाणें आजी-आजोबा एका पंगतीस आणि मुलगा, सून व नातवंडें दुसऱ्या पंगतीस, असें आठवडाभर चालावयाचें. ‘किंग्ज कोर्ट’ या नांवाचें, ज्यानें त्यानें हातानें वाढून घेण्याचें भोजनगृह सर्वांस खुलें असतें; पण हातांत थाळी घेऊन गर्दींत जागा शोधणें अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं सोयीचें नाहीं. घरांत सणावारीं ज्यांनीं पंगतभेद मोडून काढला, त्यांनीं तो समुद्रावर पैसे मोजून विकत घेऊं नये. सर्व कुटुंबानें एकाच वर्गाचें तिकीट काढावें, एकच टेबल आधीं सांगून ठेवावें व संध्याकाळच्या दोन पाळ्यांपैकीं पहिली मागून घ्यावी. शाकाहार, कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तें, आणि पथ्यपाणी हें तिकीट काढतांनाच लेखी कळवावें.

आतां खिडकीविषयीं. बोटीची वाटोळी खिडकी म्हटली, कीं मराठी वाचकास मार्सेय बंदर व ८ जुलै १९१० हा दिवस आठवल्यावांचून राहत नाहीं. ‘मोरिया’ बोटीच्या तसल्याच खिडकींतून सावरकरांनीं समुद्रांत उडी घेतली. आजच्या जहाजाच्या खोलींतील खिडकी ऐसपैस असते, परंतु ती उघडत नाहीं. हवा यंत्रानें येते. खोल्यांचे स्थूलमानानें तीन प्रकार. पहिला बिनखिडकीच्या आंतल्या खोलीचा. ती सर्वांत स्वस्त, काळोखी व शांत असते. ज्यांस नुसतें निजावयास जावयाचें आहे त्यांना पुरते. दुसरा खिडकीच्या खोलीचा. तिसरा सज्जाच्या खोलीचा. सज्जांत दोन खुर्च्या मावतात व दार उघडून मोकळी हवा घेतां येते.

तरुणांनीं आंतली खोली खुशाल घ्यावी. दिवसभर डेकवर, ग्रंथालयांत व दिवाणखान्यांत वेळ जातो, आणि सातव्या मजल्यावरील मोकळ्या वाटेनें जहाजास पुरती प्रदक्षिणा घालतां येते. वृद्धांना व लहान मुलांना मात्र खिडकी असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. क्षितिजाची रेघ डोळ्यांस दिसली, कीं कानाची व डोळ्यांची साक्ष जुळते व मळमळ ओसरते. शिवाय आंतल्या खोलींत पहाट कळत नाहीं. न्यूयॉर्ककडे जातांना पांच रात्रीं घड्याळें एकेक तास मागें घेतलीं जातात, म्हणजे दिवस पंचवीस तासांचा होतो. शरीरास तें विमानाच्या एकदम बदलण्यापेक्षां फार सोसवतें. पण तें नीट सोसवावयास डोळ्यांना उजेड दिसावा लागतो. ज्या मातोश्री साठ वर्षें पहाटे उठून तुळशीस पाणी घालीत आल्या, त्यांना आठ दिवस उजाडलें कीं नाहीं हें विजेच्या दिव्यावरून ओळखावयास लावणें बरें नव्हे.

सज्जा हवाच काय? येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. उत्तर अटलांटिक म्हणजे अरबी समुद्र नव्हे. जूनमध्येंहि तेथें वारा बोचरा असतो, त्यांत जहाज ताशीं वीस नॉटांच्या आसपास धांवत असतें, आणि न्यूफाउंडलंड बेटाजवळ उन्हाळ्यांत दाट धुकें पडतें. सज्जांत बसून चहा घेण्याचे प्रसंग येतील, पण मोजकेच. दुसरी गोष्ट अशी कीं, या जहाजाच्या चौथ्या, पांचव्या व सहाव्या मजल्यांवरील सज्जे पोलादी कुशींतच कोरलेले आहेत. त्यांचा कठडा भरीव असल्यानें वारा अडतो, परंतु खुर्चींत बसलें असतां समुद्र दिसत नाहीं. उभें राहावें लागतें. वृद्धांसाठीं ही अडचण मोठी. मोठ्या खिडकीच्या खोलींत खुर्चींत बसून शाल पांघरून समुद्र पाहतां येतो आणि भाडेंहि कमी पडतें. आठव्या मजल्यावरील कांहीं सज्जांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. तेथें सज्जा मिळतो, पण दृश्य होडीच्या पाठीचें.

डावी बाजू घ्यावी कीं उजवी? या संबंधांत एक गंमतीची कथा आहे. ‘पॉश’ हा शब्द आपण मराठींतहि सर्रास वापरतों. त्याची व्युत्पत्ति अशी सांगतात कीं, हिंदुस्थानांत येणारे धनिक इंग्रज जातांना डाव्या व परततांना उजव्या बाजूची खोली मागत, व त्या चार इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें मिळून हा शब्द झाला. असा शिक्का असलेलें एकहि तिकीट कोणास सांपडलेलें नाहीं, आणि कोशकार ही कथा खरी मानीत नाहींत. तरी तिच्यांतील भूगोल खोटा नाहीं. पूर्वेकडे येणाऱ्या बोटीची डावी बाजू उत्तरेस पडते, म्हणून सावलींत राहते. उष्ण समुद्रांत तें सुखाचें. अटलांटिकवर मौज अशी कीं, पश्चिमेकडे जातांना डावी बाजू दक्षिणेची, म्हणजे उन्हाची होते. आणि तेथें थंडी असल्यानें ऊनच हवेंसें वाटतें. येतांना तेंच ऊन उजवीकडे. म्हणजे कारण उलटें, पण सल्ला तोच : जातांना डावी, येतांना उजवी. मात्र बाजूसाठीं मधली जागा सोडूं नये. मध्य प्रथम, बाजू नंतर.

यानंतर शेजार पाहावा. घर घेतांना आपण शेजार पाहतों, पण बोटीवर तो वरखालींहि पाहावा लागतो. जहाजाचा नकाशा मागून घ्यावा व आपल्या खोलीच्या बरोबर वर आणि बरोबर खालीं काय आहे, तें बोट ठेवून पाहावें. वर भोजनगृह असेल, तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येईल. खालीं नाचघर असेल, तर मध्यरात्रीपर्यंत वाद्यें. वर खोल्या, खालीं खोल्या, दोन्ही अंगांस खोल्या, ही जागा उत्तम. लिफ्टपासून चार-सहा दारें दूर असावें. अगदीं समोर नको, पण फार लांबहि नको. ३४५ मीटरांच्या जहाजांत चुकीच्या टोंकास खोली मिळाली, तर जेवणाखाण्यासाठींच रोज मैल-दोन मैल चाल होते.

खोलींत निजावयाची व्यवस्था कशी आहे, तेंहि विचारावें. बहुतेक खोल्यांत दोन पलंग असतात. ते जोडून किंवा वेगळे करून मिळतात. वृद्धांसाठीं वेगळे मागावे, म्हणजे मधल्या जागेंतून आधार घेत उठतां येतें. तिसऱ्या-चौथ्या माणसासाठीं भिंतींतून खालीं येणारे वरचे पलंग असतात, त्यांवर शिडीनें चढावें लागतें, ते मुलांचे. न्हाणीच्या दारांत उंबरठा असतो, तो रात्रीं पायास लागतो. ज्यांना चालण्यास काठी किंवा चाकांची खुर्ची लागते, त्यांच्यासाठीं बिनउंबरठ्याच्या न्हाणीच्या थोड्या खोल्या राखून ठेवलेल्या असतात. गरज खरी असेल तर त्या संकोच न करतां मागाव्या. एकट्याच प्रवासास निघालेल्या आत्याबाई किंवा मावशींना दोघांच्या खोलीचें जवळजवळ सगळें भाडें भरावें लागतें. २०१६ सालीं या जहाजाची डागडुजी झाली तेव्हां एकट्या माणसासाठीं पंधरा खोल्या नव्यानें केल्या गेल्या. त्या लवकर भरतात.

सोबतीचें महत्त्व सांगण्यास एक जुना दाखला पुरे. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले, तेव्हां स्नेह्यांनीं त्यांच्यासाठीं जागा घेतली ती जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार यांच्या खोलींत. तरुण पोराबरोबर एखादें अनुभवी माणूस असावें, एवढाच त्यांत हेतु. तरी लाजाळूपणामुळें गांधी भोजनगृहांत जात ना; बरोबर आणलेली मिठाई व फळें खोलींत बसून खात. आत्मचरित्रांत त्यांनीं हें मोकळेपणानें लिहिलें आहे. खोली कशी आहे, याइतकेंच शेजारीं कोण आहे व जेवावयास बाहेर काढणारें कोणी आहे काय, हें महत्त्वाचें. म्हणून कुटुंबाच्या खोल्या लागून असाव्या. मधलें दार उघडतां येईल अशा मिळाल्या तर दुधांत साखर.

तिकीट काढतांना दोन गोष्टींपासून सावध राहावें. पहिली म्हणजे, भाडें कमी पण खोलीचा नंबर कंपनी मागाहून देणार, अशी सवलत. तरुणांनीं ती घ्यावी. वृद्ध बरोबर असतांना घेऊं नये, कारण मिळालेली खोली अगदीं पुढच्या टोंकासहि असूं शकते. दुसरी म्हणजे, न मागतां मिळणारी बढती. मधली खोली काढून घेऊन ‘वरची’ दिल्याबद्दल आपणच आभार मानावयाचे, असा प्रकार होतो. ‘आमचा नंबर बदलूं नये’ असें स्पष्ट लिहून द्यावें. याखेरीज इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसे लागतात. आणि वादळानें बोटीस उशीर होऊं शकतो, म्हणून मुंजीच्या मुहूर्ताआधीं चार-पांच दिवस तरी पोंचण्याचा बेत असावा. खोलींत निरांजन किंवा उदबत्ती लावण्यास सक्त मनाई असते, कारण समुद्रावर आगीइतकें भय कशाचेंच नाहीं. मातोश्रींनीं मानसपूजेवर समाधान मानावें.

तेव्हां आमच्या सद्गृहस्थांनीं असें करावें, असें आम्ही सुचवितों. ब्रिटानिया वर्गांत, चौथ्या किंवा पांचव्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ, डाव्या बाजूस लागून असलेल्या खिडकीच्या दोन खोल्या घ्याव्या. एक आई-वडिलांना व एक सौभाग्यवती आणि धाकट्या मुलास. समोरच आंतली एक खोली स्वतःस व थोरल्या मुलास. वरच्या वर्गांतील सुखें खोटीं आहेत, असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें गर्दी कमी, सेवा अधिक, खोली मोठी. वृद्ध दांपत्य एकटेंच निघालें असेल, पैसा असेल आणि त्या वर्गांतली खोली जहाजाच्या मध्याजवळ मिळत असेल, तर ती अवश्य घ्यावी. पण सहा माणसें मिळून निघालीं असतां आजोबांना सर्वांत मोठी खोली देण्यापेक्षां नातवानें पहाटे दार ठोठावून “आजोबा, सूर्य आला” असें सांगतां यावें, ही व्यवस्था अधिक मोलाची. आणि हा निर्णय तीर्थरूपांच्या माघारीं घेऊं नये. नकाशा त्यांच्यापुढें ठेवावा, तराजूचा दाखला द्यावा व त्यांनाच विचारावें. जन्मभर घर चालविलेल्या माणसास मानाची व सुखाची जागा यांतला भेद समजावून सांगावा लागत नाहीं.

शेवटीं एक सूचना. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर, १९१४ मध्यें, समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ला झालेल्या अपघातानंतर उतारूंची संकटकाळची तालीम बोट सुटण्यापूर्वींच घेण्याचा दंडक झाला. ही तालीम कंटाळवाणी म्हणून टाळूं नये. खोलीचा ताबा मिळतांच सर्वांनीं मिळून खोलीपासून जमण्याच्या ठिकाणापर्यंत जिन्यानें एकदां चालून यावें, वाटेंतलीं दारें मोजावीं व तो आंकडा मुलांकडून पाठ करवून घ्यावा. एवढें झालें, कीं बॅगा सोडाव्या आणि खिडकीशीं बसावें. बोटीवर सामान किती व कोणतें न्यावें, याविषयीं पुढील अंकीं लिहूं.